पादपीठ (फर्निचर)

पादपीठ म्हणजे खुर्चीवर, सिंहासनावर किंवा मंचकावर बसलेल्या व्यक्तीला पाय टेकवता यावेत म्हणून पुढ्यात ठेवले जाणारे ठेंगणे पीठ. ते लाकूड, धातू, वेत किंवा दगड यांचे असते. वरचा भाग कधी नुसती फळी, तर कधी गादीने मढवलेला असतो. बहुतेक जुन्या पादपीठांची उंची १० ते ४० सेंटिमीटरच्या दरम्यान असते. प्राचीन काळी हे साधन राजसत्तेचे चिन्ह होते. पुढे ते युरोपातील मध्यमवर्गीय घरांत शिरले आणि एकोणिसाव्या शतकात दिवाणखान्यातील सर्वांत सामान्य वस्तूंपैकी एक झाले. आज बाजारात 'अँटिक' म्हणून मिळणारी बहुसंख्य पादपीठे याच शतकातील ब्रिटिश, युरोपीय किंवा अमेरिकी घरांतून आलेली आहेत.

संज्ञा

'पादपीठ' हा शब्द संस्कृतातून आलेला आहे. बायबलच्या मराठी भाषांतरांत याच अर्थाने 'पादासन' हा शब्द येतो. रोजच्या बोलण्यात मात्र 'पाय ठेवायचे स्टूल' किंवा 'पायाखालचा पाट' असेच म्हटले जाते. मूर्तिशास्त्रात 'पीठ' आणि 'पादपीठ' हे शब्द मूर्तीखालच्या बैठकीसाठीही वापरले जातात. त्या अर्थाचा या लेखाशी संबंध नाही.

पाय ठेवण्याचे स्टूल आणि बसण्याचे स्टूल यांत पुष्कळदा गल्लत होते. फ्रान्सच्या राजदरबारात राणीसमोर 'ताबुरे'वर बसण्याचा मान डचेस दर्जाच्या स्त्रियांना असे. ते ताबुरे बसण्याचे आसन होते, पादपीठ नव्हे. 'ऑटोमन' या शब्दाचा प्रवास याच्या उलट आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तुर्की बैठकीच्या अनुकरणातून युरोपात आलेले हे पाठ नसलेले, गादीचे लांब आसन हळूहळू लहान होत गेले, आणि विसाव्या शतकात ऑटोमन म्हणजे आरामखुर्चीपुढचे गादीचे पादपीठ असाच अर्थ रूढ झाला.

जुन्या वस्तूंच्या व्यापारात साधारणतः १०० वर्षांपेक्षा जुन्या वस्तूला 'अँटिक' आणि त्याहून अलीकडच्या, पण विशिष्ट काळाची ओळख सांगणाऱ्या वस्तूला 'विंटेज' म्हणण्याचा प्रघात आहे. दुकानदार हे दोन्ही शब्द सैलपणे वापरतात.

प्राचीन जग

उंच आसनावर बसलेल्या राजाचे पाय लोंबकळत राहिले तर ते राजाला शोभणारे नव्हते. आणि ते जमिनीला लागले तर तो इतरांच्या पातळीवर आला असता. पादपीठामुळे या दोन्ही अडचणी सुटत. ते सिंहासनाचे अविभाज्य अंग का बनले, याचे हे एक साधे कारण आहे.

इजिप्तमध्ये याला आणखी एक अर्थ जोडला गेला. हॉवर्ड कार्टर यांनी १९२२ मध्ये शोधलेल्या तुतानखामेनच्या थडग्यात अनेक पादपीठे सापडली. त्यांपैकी काहींच्या वरच्या पृष्ठभागावर हात बांधलेल्या परकीय बंदिवानांच्या आकृती आहेत. इजिप्तच्या परंपरागत शत्रूंना 'नऊ धनुष्ये' असे सामूहिक नाव होते. राजा आसनस्थ झाला की त्याचे पाय आपोआप या शत्रूंवर पडत. शत्रूला पायाखाली घालण्याची ही कल्पना पश्चिम आशियात दूरवर आढळते. हिब्रू स्तोत्रांतही वैऱ्यांना पादासन करण्याची प्रतिमा येते.

ॲसिरियाच्या निनेवे येथील राजवाड्यातील एका प्रसिद्ध शिल्पपटात (इ.स.पू. सातवे शतक, सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये) राजा अशुरबनिपाल बागेत मंचकावर पहुडलेला आहे आणि त्याची राणी समोर उंच खुर्चीवर, पाय पादपीठावर ठेवून बसलेली आहे. जवळच्या झाडावर पराभूत एलामी राजाचे शिर टांगलेले दिसते. इराणमधील पर्सेपोलिस येथील शिल्पांत सिंहासनस्थ सम्राटाच्या पायांखाली पादपीठ आहे. शिवाय सेवक राजाचे पादपीठ वाहून नेताना दाखवले आहेत. ते उचलण्यासाठी वेगळा माणूस असणे हे त्याच्या महत्त्वाचे द्योतक होय.

ग्रीसमध्ये हीच वस्तू घरात उतरलेली दिसते. होमरच्या काव्यांत तिला 'थ्रेनुस' म्हटले आहे. 'ओडिसी'च्या सतराव्या सर्गात भिकाऱ्याच्या वेषात आपल्याच घरी आलेल्या ओडिसियसवर अँटिनूस पादपीठ फेकून मारतो आणि ते त्याच्या उजव्या खांद्याला लागते. पुढच्या सर्गात युरिमॅकसही तसेच करतो, पण त्याचा नेम चुकतो. पाहुण्याला आदराने पुढे करायची वस्तू त्याच्यावरच भिरकावली जाते, यात आतिथ्यधर्माचा भंग किती मोठा आहे हे तत्कालीन श्रोत्यांना वेगळे सांगावे लागत नसे. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातील हेगेसोच्या स्मृतिशिलेवर (इ.स.पू. पाचव्या शतकाची अखेर) एक गृहिणी वक्र पायांच्या खुर्चीवर बसून दासीने पुढे केलेल्या पेटीतील दागिना पाहते आहे, तिचे पाय एका लहानशा पादपीठावर टेकलेले आहेत. येथे सत्तेचा नव्हे, तर घरातील मानाचा आणि आरामाचा भाव आहे.

प्राचीन भारत

संस्कृत काव्यात आणि राजप्रशस्तींमध्ये पादपीठ ही रूढ प्रतिमा आहे. मांडलिक राजे नमस्कारासाठी वाकले म्हणजे त्यांच्या मुकुटांतील रत्नांनी सम्राटाचे पादपीठ उजळते किंवा घासले जाते, असे वर्णन इतक्या ठिकाणी येते की ते जवळजवळ साचाच बनले आहे.

दृश्य पुरावाही विपुल आहे. समुद्रगुप्ताच्या वीणावादक प्रकारच्या सुवर्णनाण्यांवर राजा मंचकावर बसून वीणा वाजवत आहे. खाली एक पादपीठ असून त्यावर 'सि' हे अक्षर कोरलेले आहे. अमरावतीच्या शिल्पांत बुद्धाची मानवी आकृती टाळून रिकामे आसन आणि त्यापुढील पादपीठावर केवळ पदचिन्हे दाखवलेली आढळतात. आसनस्थ व्यक्ती नसतानाही तिची उपस्थिती पादपीठाने सूचित व्हावी, इतका या दोहोंचा संबंध घट्ट होता. महाराष्ट्रातील लेण्यांत पाय खाली सोडून बसलेल्या, म्हणजे प्रलंबपादासनातील बुद्धमूर्ती मोठ्या संख्येने आहेत. अजिंठ्याचे २६ क्रमांकाचे आणि वेरूळचे १० क्रमांकाचे लेणे ही त्याची ठळक उदाहरणे होत. अशा मूर्तींचे पाय सहसा लहान पीठावर किंवा कमळावर विसावलेले असतात.

मुघल आणि दख्खनी लघुचित्रांतही तख्तापुढे सोनेरी पादपीठ दिसते. मात्र ही सर्व उदाहरणे दरबारातील किंवा देवत्वाच्या संदर्भातील आहेत. सामान्य घरांत बैठक जमिनीवरच असल्याने पाय टेकवण्याच्या वेगळ्या साधनाची गरजच नव्हती.

युरोपातील घरे : थंडी आणि आजार

युरोपात पादपीठाचा घरगुती प्रसार होण्यामागे प्रामुख्याने हवामान होते. दगडी किंवा फरशीची जमीन, दारांच्या फटींतून येणारे गार वारे आणि खोलीच्या एकाच भिंतीला असलेली शेकोटी यांमुळे उष्ण हवा वर जाई आणि पाय गारठत. पाय जमिनीपासून वीतभर जरी वर उचलले तरी फरक पडे.

नेदरलँड्समध्ये यावर 'स्टोफ' नावाचा उपाय निघाला. ही वर भोके असलेली लाकडी पेटी असे. आत मातीच्या भांड्यात कोळशाचे किंवा पीटचे निखारे ठेवत, वर पाय ठेवून स्त्रिया घागरा पसरून बसत आणि ऊब आत कोंडली जाई. चर्चमध्ये जातानाही ती सोबत नेली जाई. योहानेस व्हर्मीरच्या 'दूध ओतणारी स्त्री' या सतराव्या शतकातील चित्रात (राइक्सम्युझियम, ॲम्स्टरडॅम) उजव्या कोपऱ्यात जमिनीवर अशीच पायशेगडी ठेवलेली आहे. ऊब पायांतून वर चढते म्हणून डच बोधचित्रांत ती प्रेमविलासाची खूणही मानली गेली. जुन्या स्टोफच्या पेट्या आज संग्राहकांकडे आढळतात. आतील बाजू जळून काळवंडलेली असणे ही त्या खऱ्या वापरातल्या असल्याची चांगली खूण आहे.

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये 'गाउट' या सांधेदुखीने (आयुर्वेदातील वातरक्ताशी मिळताजुळता विकार) पादपीठाचा एक स्वतंत्र प्रकार जन्माला घातला. या रोगात पायाचा अंगठा सुजतो आणि चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. जॉर्ज हेपलव्हाइट यांच्या मृत्यूनंतर १७८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या फर्निचरविषयक मार्गदर्शक ग्रंथात अशा रुग्णांसाठी दोन्ही टोकांनी वर-खाली करता येणाऱ्या उताराच्या स्टुलाचा आराखडा दिला आहे. मांस-मद्याच्या अतिरेकाशी जोडला गेल्याने हा रोग श्रीमंतांचा समजला जाई. त्यामुळे पट्ट्या गुंडाळलेला पाय स्टुलावर ठेवून बसलेला गृहस्थ व्यंगचित्रकारांचा आवडता विषय ठरला. विल्यम होगार्थ यांच्या 'मॅरेज आ-ला-मोड' या चित्रमालिकेच्या पहिल्याच चित्रात (सुमारे १७४३) कर्जबाजारी उमराव वंशवृक्ष दाखवत बसला आहे आणि त्याचा पट्टी बांधलेला पाय पादपीठावर आहे. राजांचा मान सांगणारी वस्तू इथे ऱ्हासाची खूण बनली आहे.

एकोणिसावे शतक

व्हिक्टोरिया राणीच्या काळात (१८३७–१९०१) पादपीठ घराघरांत पोहोचले. शहरी मध्यमवर्ग वाढला होता, यंत्रांमुळे फर्निचर स्वस्त झाले होते आणि दिवाणखाना भरगच्च असणे प्रतिष्ठेचे मानले जात होते. शेकोटीच्या दोन्ही बाजूंना एकेक अशी जोडी ठेवण्याची पद्धत होती. ज्या जोड्या आजवर एकत्र टिकल्या आहेत, त्यांना सुट्या नगाच्या दुपटीहून अधिक किंमत येते, ती यामुळेच.

आकारांत मोठे वैविध्य होते. गोल गादी आणि खाली बनपावासारखे चपटे लाकडी पाय हा सर्वांत परिचित प्रकार. दोन्ही टोके गुंडाळीसारखी वळलेली आयताकृती पादपीठे आणि शेकोटीच्या कठड्यासमोर ठेवायची चांगली मीटरभर लांबीची ठेंगणी बाके हेही लोकप्रिय प्रकार होते. महोगनी, अक्रोड आणि शिसवी ही वरच्या दर्जाची लाकडे. स्वस्त मालात बीच किंवा पाइनच्या लाकडाला गडद रंग देत.

या पादपीठांचा आत्मा लाकडात नसून वरच्या भरतकामात असे. 'बर्लिन वूलवर्क' नावाने ओळखले जाणारे लोकरी भरतकाम शतकाच्या पूर्वार्धात युरोपभर पसरले. चौकटीच्या कागदावर हाताने रंगवलेले नमुने बर्लिनमध्ये छापले जात. एक चौकोन म्हणजे एक टाका, त्यामुळे चित्रकला न येणाऱ्या स्त्रीलाही गुलाबाचा गुच्छ, पोपट किंवा मांडीएवढा कुत्रा जाळीदार कापडावर टाक्या-टाक्याने उतरवता येई. तयार झालेला तुकडा सुतार-गादीवाल्याकडे दिला की तो पादपीठावर ठोकून देई. पडदे किंवा मोठ्या खुर्च्यांचे आच्छादन भरायला वर्षे लागत; पादपीठाचा तुकडा एका हिवाळ्यात पुरा होई आणि भेट म्हणून देता येई. म्हणूनच नवशिक्या हातांचे असंख्य नमुने पादपीठांवर शिल्लक आहेत. फुलांमध्ये काचेचे मणी ओवण्याची पद्धतही होती. मणी लोकरीपेक्षा टिकाऊ असल्याने कित्येक जुन्या तुकड्यांत लोकर झिजून गेली असून मण्यांचे पांढरे-करडे फूल तेवढे उरलेले दिसते.

विल्यम हेन्री पर्किन यांनी १८५६ मध्ये पहिला ॲनिलीन रंग शोधल्यानंतर लोकरीचे रंग भडक झाले. जांभळा, गडद गुलाबी, झगझगीत हिरवा असे हे रंग समकालीन अभिरुचीला भावले, पण ते उजेडात टिकले नाहीत. आज फिकट करड्या दिसणाऱ्या अनेक पादपीठांची मागची बाजू उलगडली की मूळ भडक रंग समोर येतो. 'जुन्या काळची सौम्य रंगसंगती' म्हणून ज्याचे कौतुक होते, ती बहुधा उडालेल्या रंगाची किमया असते.

याच शतकात गादीची रचनाही बदलली. गुंडाळीच्या स्प्रिंगा १८२० च्या दशकापासून इंग्लंडमध्ये आसनांत वापरात येऊ लागल्या. लहान पादपीठांत मात्र जागेअभावी घोड्याचे केस, लोकर किंवा वाळलेले गवत भरण्याचीच पद्धत पुष्कळ काळ टिकली.

वसाहतींमधून आलेला एक प्रकार आज अस्वस्थ करणारा आहे. शिकारीत मारलेल्या हत्तीचा पाय पोकळ करून त्यावर गादी बसवलेले स्टूल भारत आणि आफ्रिकेतून परतलेल्या अधिकाऱ्यांच्या घरांत दिसे. लंडनमधील रोलंड वॉर्ड यांच्यासारख्या चर्मप्रसाधकांनी प्राण्यांच्या अवयवांपासून फर्निचर बनवण्याची ही फॅशन लोकप्रिय केली. जिंकलेल्याला पायाखाली घेण्याची इजिप्शियन कल्पना इथे वेगळ्या रूपात परत आली, असे म्हणता येईल.

अमेरिका आणि विसावे शतक

अमेरिकेत शेकर या धार्मिक पंथाने याच्या अगदी विरुद्ध टोकाची पादपीठे बनवली. न्यूयॉर्क राज्यातील माउंट लेबनन येथील त्यांच्या कारखान्यात १८७० च्या दशकापासून खुर्च्यांसोबत साधी, किंचित उताराची लाकडी पादपीठे विक्रीसाठी तयार होत. अलंकरण निषिद्ध असल्याने त्यांचे सौंदर्य केवळ प्रमाणबद्धतेत आहे. नक्कल थांबवण्यासाठी शेकरांना आपल्या मालावर व्यापारचिन्ह लावावे लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी गुस्ताव्ह स्टिकली यांनी ओकचे जाड लाकूड, उघडे सांधे आणि मोठ्या डोक्याच्या खिळ्यांनी ठोकलेले चामडे अशी भक्कम शैली रूढ केली.

मध्यवर्ती तापयंत्रणा आल्यावर गारठलेल्या जमिनीचा प्रश्न सुटला आणि पादपीठाचे मूळ प्रयोजनच संपले. त्यानंतर ते टिकले ते आरामखुर्चीचा जोडीदार म्हणून. चार्ल्स आणि रे ईम्स यांची १९५६ सालची आरामखुर्ची आणि तिचे ऑटोमन ही या जोडीची सर्वांत प्रसिद्ध आवृत्ती. वाकवलेल्या प्लायवूडची आणि चामड्याच्या गाद्यांची ही जोडी हर्मन मिलर कंपनीने बाजारात आणली आणि तिचे उत्पादन आजही चालू आहे. विंटेज बाजारात खुर्चीपासून फुटलेली एकटी ऑटोमन आणि ऑटोमन हरवलेल्या एकट्या खुर्च्या दोन्ही येतात. त्यांची मागाहून लावलेली जोडी ओळखणे हा जाणकारांच्या परीक्षेचा भाग असतो.

महाराष्ट्र आणि गोवा

मराठी घरांत पाट आणि चौरंग ही ठेंगणी लाकडी पीठे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत, पण ती पाय ठेवण्यासाठी नाहीत. पाटावर माणूस जेवायला बसतो आणि चौरंगावर देव मांडला जातो. त्यामुळे जुना पाट किंवा चौरंग विकत घेऊन त्यावर पाय ठेवणे अनेक घरांत अनुचित समजले जाते. शहरी सजावटकारांनी सुचवलेला हा वापर वडीलधाऱ्यांना रुचत नाही, तो याच कारणाने. पाटाला चुकून पाय लागला तर नमस्कार करण्याची सवय अजूनही दिसते.

खुर्ची ब्रिटिश आणि पोर्तुगीज काळात घरांत आली, आणि तिच्यासोबत पाय कोठे ठेवायचे हा प्रश्नही आला. उष्ण हवेत गादीचे पादपीठ गैरसोयीचे होते. त्याऐवजी वेताने विणलेली लांब आरामखुर्ची प्रचलित झाली. तिच्या हातांखालून दोन लांब पट्ट्या बाहेर फिरवता येतात आणि त्यांवर पाय पसरता येतात. गोव्यातील जुन्या घरांच्या व्हरांड्यांत आणि डाकबंगल्यांत अशा खुर्च्या अजूनही आहेत. एका अर्थाने त्यांत पादपीठ खुर्चीतच सामावलेले आहे. सुटी पादपीठे मुख्यतः युरोपीय वळणाने सजवलेल्या शहरी घरांत आढळत. ती सागाची किंवा शिसवीची, कातीव पायांची आणि वर वेताची जाळी विणलेली असत. मुंबईच्या चोर बाजारात जुन्या फर्निचरसोबत अशी पादपीठे अधूनमधून येतात.

जुने पादपीठ ओळखणे

पादपीठ लहान आणि करायला सोपे असल्याने त्याची बनावट आवृत्ती काढणे सहज जमते. मोडक्या खुर्चीचे पाय कापून त्यावर नवी चौकट बसवणे ही सर्वांत जुनी युक्ती आहे. अशा वस्तूचे लाकूड खरोखरच जुने असते, त्यामुळे केवळ लाकडाच्या वयावरून निष्कर्ष काढता येत नाही. पायाचे प्रमाण वरच्या भागाशी विसंगत असेल, किंवा पायाच्या तळाचे लाकूड ताजे आणि उजळ दिसत असेल, तर संशय घ्यावा. शतकभर जमिनीवर सरकवलेल्या पायाचा तळ काळसर, गुळगुळीत आणि कडांनी झिजलेला असतो.

वस्तू उलटी करून पाहणे ही तपासणीची पहिली पायरी. हाताने चालवलेल्या करवतीच्या खुणा सरळ आणि असमान असतात. एकोणिसाव्या शतकात प्रसार झालेल्या गोल करवतीच्या खुणा कमानदार असतात. टोकदार स्क्रू शतकाच्या मध्यानंतर सार्वत्रिक झाले. त्याआधीच्यांचे टोक बोथट असे. गोल तारेचे खिळे शतकाच्या अखेरीस रूढ झाले, म्हणून १८२० चे म्हणून विकल्या जाणाऱ्या पादपीठात असे खिळे मूळ जागी असतील तर दावा टिकत नाही. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने आकसते. एकसंध लाकडाचा जुना गोल माथा फूटपट्टीने मोजल्यास किंचित लंबगोल भरतो. ही खूण नकली करणे अवघड आहे.

गादीखालची चौकट बरेच काही सांगते. कापड दर वेळी बदलताना चुका नव्याने ठोकल्या जातात आणि जुनी भोके राहतात. अनेकदा मढवलेल्या पादपीठाच्या कडेवर भोकांची दाटी असते. शंभर वर्षांच्या म्हणवल्या जाणाऱ्या चौकटीवर भोकांची एकच नीटनेटकी रांग असेल, तर ते भरतकाम मूळचे असावे किंवा चौकट नवी असावी. आतील भरावाचे थरही कालक्रम दाखवतात. तागाच्या पट्ट्या, गोणपाट आणि घोड्याचे केस ही जुनी पद्धत. रबरी फोम १९३० च्या दशकापासून आणि पॉलियुरेथेन फोम १९५० च्या दशकापासून आढळतो. फोम सापडला म्हणून चौकट नवी ठरत नाही, केवळ शेवटच्या दुरुस्तीचा काळ कळतो.

दुरुस्ती आणि जतन

जुन्या पादपीठाबाबत सर्वांत मोठी हानी वापराने नव्हे, तर उत्साही दुरुस्तीने होते. जुने पॉलिश खरवडून चकचकीत वार्निश लावले की लाकडावर साचलेला दीडशे वर्षांचा रंग आणि झिलई एका दुपारी नाहीशी होते आणि ती परत आणता येत नाही. विरलेले भरतकाम फाडून नवे कापड लावण्याबाबतही तेच. एखाद्या अनामिक स्त्रीच्या हातकामाचा बहुधा तेवढाच पुरावा उरलेला असतो. अशा कामांवर नाव क्वचितच असते. नवे आच्छादन आवश्यकच असेल तर जुना तुकडा न काढता त्यावर पातळ सुती कापडाचा थर देऊन वर नवे कापड बसवणे, किंवा जुना तुकडा चुका एकेक सैल करून सोडवून सपाट ठेवणे, हा योग्य मार्ग मानला जातो. जुन्या लाखेच्या पॉलिशवर स्पिरिटचा थेंबही पडू देऊ नये. लाख त्यात विरघळते.

कोकणात आणि मुंबईत आर्द्रता हा वेगळा शत्रू आहे. घोड्याचे केस आणि लोकर यांत बुरशी व कसर धरते, जुना सरस सैल होतो आणि सांधे डुगडुगू लागतात. पायांजवळ पिठासारखा ताजा भुसा दिसला तर लाकूड पोखरणारी कीड सक्रिय आहे असे समजावे. नुसती जुनी भोके असणे धोक्याचे नाही. पावसाळ्यात पादपीठ बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवणे आणि गादीची धूळ जाळीच्या कापडातून हलक्या व्हॅक्यूमने काढणे एवढी काळजी बहुधा पुरते.

घरातील उपयोग

पाय टेकवणे हा पहिला उपयोग आजही कायम आहे. खुर्ची उंच असली आणि तळवे जमिनीला पुरते टेकत नसले की बैठकीची कड मांडीच्या मागील भागावर दाबते. ठेंगण्या व्यक्तींना, वृद्धांना आणि बाळाला पाजणाऱ्या मातांना १० ते २० सेंटिमीटरचा आधार यासाठीच उपयोगी पडतो. शास्त्रीय गिटार वाजवणारे डाव्या पायाखाली ठेंगणे स्टूल घेतात. पाय सुजत असल्यास ते उंच ठेवावे लागतात आणि त्यासाठी ठेंगणे पादपीठ पुरत नाही. खुर्चीच्या बैठकीइतके उंच ऑटोमन लागते.

लहान घरांत पादपीठाला अनेक कामे करावी लागतात. मुलांचे आसन, पुस्तकांची चळत ठेवण्याची जागा, वर तबक ठेवून चहाचे टेबल, किंवा बूट घालण्यासाठी दाराशी ठेवलेले बूड टेकण्याचे साधन म्हणून ते वापरले जाते. मात्र कपाटावरचा डबा काढण्यासाठी त्यावर उभे राहणे टाळावे. पाय टेकवण्याइतकेच वजन गृहीत धरून त्याचे सांधे केलेले असतात आणि गोल, गादीची पादपीठे उभ्या माणसाखाली हमखास कलतात. अंधारात पाय अडखळून पडण्याचा धोकाही खरा आहे. वृद्ध व्यक्ती असलेल्या घरांत ते वाटेत न ठेवता वापरानंतर खुर्चीखाली सरकवणे बरे.

कायदेशीर तरतुदी

भारतात पुरावशेष आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार १०० वर्षांहून जुन्या कलात्मक वा ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू पुरावशेषांच्या व्याख्येत येतात आणि त्या खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. शिसवीच्या वस्तूंना आणखी एक बंधन आहे. शिसव ज्या प्रजातीत मोडतो ती संपूर्ण डाल्बर्जिया प्रजाती २ जानेवारी २०१७ पासून वन्य जीव व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि ब्राझीलचा शिसव १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे. परदेशातील संकेतस्थळावरून जुने शिसवी पादपीठ मागवणाऱ्याला त्यामुळे कागदपत्रांची गरज पडू शकते.

हत्तीच्या पायाच्या स्टुलांना वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. आशियाई हत्ती 'साइट्स'च्या पहिल्या परिशिष्टात असल्याने अशा वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय खरेदी-विक्रीवर कडक निर्बंध आहेत, आणि भारतात वारशाने आलेली अशी वस्तूही मालकी-प्रमाणपत्राशिवाय बाळगता येत नाही. ब्रिटनमध्ये गादीच्या जुन्या फर्निचरच्या विक्रीला आगीसंबंधीचे १९८८ चे नियम लागू आहेत. १ जानेवारी १९५० पूर्वी बनवलेल्या वस्तूंना त्यांतून सूट आहे. यामुळेच तेथील विक्रेते १९५० नंतरच्या पादपीठांची जुनी गादी काढून टाकून ती नव्या भरावासह विकताना दिसतात.